सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २ हा बंदुकांचा गेम) मध्ये बनी हॉप, म्हणजे वेग न गमावता उड्यांवर उड्या मारत जाणं, शिकायला किती दिवस लागतात? स्नॅप टॅपवाला कीबोर्ड घ्यावा का?

कीबोर्डचं आधी निकालात काढतो, कारण नेमक्या याच मुद्द्यावर माझा मावसभाऊ माझ्याशी अजून भांडतोय. घेऊ नका. ए (डावीकडे जायची की) दाबलेली असताना डी (उजवीकडची) दाबली की हा कीबोर्ड स्वतःच ए सोडून देतो, एवढंच स्नॅप टॅप. ऑगस्ट २०२४ पासून गेम बनवणाऱ्या वाल्व्ह कंपनीच्या अधिकृत सर्व्हरवर हे सापडलं तर मॅचमधून बाहेर काढतात. म्हणजे पैसे खर्चून घेतलेली गोष्ट बंद ठेवूनच खेळायचं. तीन कीज एकत्र दाबल्यावर अडकत नाही असा कुठलाही साधा कीबोर्ड पुरतो.

भावाचं म्हणणं, काउंटर-स्ट्रेफ, म्हणजे धावता धावता उलट दिशेची की दाबून झटकन थांबणं, अशा कीबोर्डशिवाय नुसत्या बोटांनी नीट जमूच शकत नाही. न जमायला काय झालं? एके-४७ हातात असताना धावण्याचा वेग सेकंदाला २१५ युनिट (गेममधलं अंतराचं माप) असतो. गोळी सरळ जायला तो साधारण ३४ टक्क्यांच्या, म्हणजे ७३ च्या खाली यावा लागतो. डी नुसती सोडली तर फक्त घर्षणाने वेग उतरतो, आणि त्याला अंदाजे एक पंचमांश सेकंद जातो. सोडल्या सोडल्या ए ला टिचकी मारली तर त्याच्या साधारण एक तृतीयांश वेळात काम होतं. समोरासमोरच्या लढाईत एवढ्या फरकात माणूस मरतो.

चुका तीनच होतात. डी सुटायच्या आत ए दाबली जाते: दोन्ही कीज एकमेकींना रद्द करतात, आणि त्या काळात तुम्ही नुसत्या घर्षणावर घसरत राहता. किंवा ए जास्त वेळ दाबून ठेवली जाते आणि तुम्ही उलट्या दिशेला चालू लागता. तिसरी सगळ्यात जास्त दिसते: बोटं बरोबर चालतात, पण माउसचं बटण आधी दाबलं जातं. भावाची चूक हीच होती. त्याला रिकाम्या मॅपवर चीट्स आणि ‘शो इम्पॅक्ट्स’ (गोळी कुठे लागली ते दाखवणारी सोय) चालू करून भिंतीसमोर उभं केलं आणि एकेकच गोळी मारायला लावली. थांबून मारलेल्या गोळ्या एका जागी, बाकीच्या भिंतभर. तरी कीबोर्डच वाईट म्हणे!

तुम्हीही असंच करा. उजवीकडे धाव, उलट टिचकी, एक गोळी, मग डावीकडे. फवारा मारू नका, त्यात चूक झाकली जाते. आणि बसून, म्हणजे कंट्रोल दाबून, थांबायची सवय लावून घेऊ नका. डोकं खाली येतं आणि उठेपर्यंत जागेवर अडकता.

आता बनी हॉप. जंप माउसच्या चाकावर, खाली फिरवण्याला बाइंड करा. जमिनीला पाय टेकताक्षणी पुढची उडी लागायला हवी, नाहीतर घर्षण वेग खाऊन टाकतं. चाकातून एकामागून एक इनपुट जातात, त्यातला एखादा वेळेवर पडतो. हातात चाकू घ्या, वेग २५० मिळतो. पहिल्या उडीनंतर डब्ल्यू (पुढे जायची की) सोडा. हे नवशिक्यांना पटतच नाही. हवेत तुम्ही दाबलेल्या दिशेने वेग ३० युनिटपर्यंतच वाढवता येतो. पुढच्या दिशेने तो आधीच २५० आहे, त्यामुळे डब्ल्यूने काहीच मिळत नाही. आडव्या दिशेने मात्र वेग जवळपास शून्य असतो, म्हणून ए किंवा डी दाबून माउस त्याच बाजूला वळवला की वेगही वाढतो आणि वाटही वळते. माउस झटक्याने फिरवू नका. संथ, एकसारखा, आणि की बदलताच त्याचीही दिशा बदलायची.

पण मॅचमध्ये याचा उपयोग मर्यादित आहे. उडी घेताना गेम वेगाला कात्री लावतो, शिवाय प्रत्येक उडी आणि लँडिंगला स्टॅमिना कमी होतो. सर्फ (उतारांवरून घसरत जायचे मॅप) किंवा ऑटो-हॉपच्या (उडी आपोआप लागते अशा) सर्व्हरवर हे नियम बदललेले असतात, एअर अॅक्सिलरेशन कितीतरी पट ठेवलेलं असतं. तिथे उडणारा माणूस मॅचमध्ये उडतोच असं नाही. (भाऊ, सर्फचे व्हिडिओ पाठवणं थांबव.)

हवेत असं वळण्याचा, म्हणजे एअर स्ट्रेफचा, खरा फायदा जंप पीकमध्ये, म्हणजे उडी मारून आडोशाबाहेर डोकावण्यात, आहे. डस्ट २ या मॅपवर मिडच्या (मधल्या वाटेच्या) दारांमागे ऑपवाला, म्हणजे एडब्ल्यूपी ही स्नायपर रायफल घेतलेला शत्रू, बसलाय. कोपऱ्यावरून उडी मारा, हवेतच वळून परत आडोशाला या. त्याने गोळी झाडली तर पुढच्या गोळीपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यात तुमचा साथीदार बाहेर पडतो. फक्त त्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर ती गोळी फुकट घालवलीत.

किती दिवस लागतील ते तुमच्या सरावावर आहे. रोज मॅचआधी पंधरा मिनिटं काउंटर-स्ट्रेफला द्या, आणि तो अंगवळणी पडेपर्यंत बनी हॉपला हात लावू नका. माझं मत कडक वाटेल, पण रँक त्यानेच वाढते. ज्यांना केझेड मॅप (नुसते उड्या मारत पार करायचे मॅप) मजा म्हणून खेळायचे आहेत, त्यांना हे लागू नाही. व्हॅलरंट या दुसऱ्या शूटिंग गेमलाही लागू नाही: तिथे की सोडली की खेळाडू जवळपास लगेच थांबतो, उलट टिचकीने फारसा फरक पडत नाही.