टेबल उलटलं त्या दिवसाबद्दल

बेटा,

तुझा मेसेज रात्री वाचला, मग झोपच लागली नाही, म्हणून सकाळी चहा व्हायच्या आधीच लिहायला बसलोय. फोन केला असता पण तू रडली असतीस नं माझा आवाज चढला असता. आधी हे सांगतो की स्कॉलरशिपच्या ऑफिसात त्या खिडकीतल्या माणसानं तुम्हा पोरापोरींना "फुकटचं खाऊन माज आलाय" म्हटलं ते ऐकून तुमचं रक्त तापलं यात तुमचं काहीच चुकलं नाही. सात महिने स्कॉलरशिप अडकलेली, मेसचे पैसे थकलेले, नि वर हे ऐकून घ्यायचं. पण तुमच्यातल्या एकानं तिथलं टेबल उलटल्यापासून काय चाललंय ते पाहा, जो तो टेबलाबद्दल बोलतोय, स्कॉलरशिपचं नाव कोणी काढत नाही.

मला रात्रभर जेम्स लॉसन आठवत होते. आपल्याच नागपुरात तीन वर्षं राहून गेलेला माणूस, आणि इथे फारसं कोणाला नावही माहीत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात मॅसिलन नावाच्या गावात वाढलेला काळा पोरगा, वडील मेथॉडिस्ट पाद्री. लहान असताना आईनं कुठल्याशा कामाला पाठवलं होतं, रस्त्यात गाडीत बसलेल्या एका गोऱ्या पोरानं जातिवाचक शिवी दिली (वंशावरून म्हण, आपल्याला कळायला जातिवाचक बरं), यानं जाऊन एक ठेवून दिली. घरी आल्यावर मोठ्या ऐटीत आईला सांगितलं. आई स्वयंपाक करत होती, तिनं मागे वळूनही न पाहता विचारलं, जिमी, त्यानं काय साधलं? हा प्रश्न ते म्हातारपणापर्यंत सांगत राहिले.

आता यावरून कोणी समजेल की मवाळ माणूस असेल, तर तसं नाही हं. कोरियाच्या युद्धाच्या वेळी सैन्यात जायला सरळ नकार दिला, पाद्री होणार म्हणून सूट मिळत होती तीही घेतली नाही, आणि तेरा महिने तुरुंगात काढले. सुटल्यावर १९५३ मध्ये मिशनतर्फे सिव्हिल लाइन्समधल्या आपल्या हिस्लॉप कॉलेजात आले, पोरांचे खेळ घ्यायचे, आणि गांधीजी जाऊन पाच वर्षं झाली होती तरी त्यांच्यासोबत काम केलेली माणसं होती, त्यांच्याकडून समजून घ्यायचे की सत्याग्रह प्रत्यक्षात उभा कसा करतात. डिसेंबर १९५५ मध्ये इथल्याच 'नागपूर टाइम्स'मध्ये त्यांनी वाचलं की माँटगोमेरीत काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकलाय आणि मार्टिन ल्यूथर किंग नावाचा तरुण पाद्री पुढे आहे. १९५६ ला ते परत गेले (त्याच वर्षी आपली दीक्षाभूमी घडली, मला नेहमी वाटतं अजून थोडं थांबले असते तर काय पाहिलं असतं त्यांनी). पुढच्या वर्षी किंगची भेट झाली, किंग म्हणाले शिक्षण पूर्ण व्हायची वाट पाहू नका, आत्ताच दक्षिणेत या. लॉसन नॅशव्हिलला गेले.

आता इथे नीट वाच बेटा, कारण तुमचं नेमकं इथेच राहिलं. तिथल्या दुकानांत जेवणाच्या काउंटरवर काळ्यांना बसू द्यायचे नाहीत, ते मोडायचं होतं. १९५९ च्या पानगळीपासून एका चर्चच्या तळघरात ते कॉलेजच्या पोरापोरींचे वर्ग घ्यायचे. डायन नॅश, जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेट, सगळे तुझ्याच वयाचे. खुर्च्या मांडायच्या, काही जण दुकानातल्या जेवणाच्या काउंटरवर बसल्यासारखे बसणार, बाकीचे मागून येऊन शिव्या देणार, तोंडावर सिगारेटचा धूर सोडणार, ढकलून खाली पाडणार. खाली पडल्यावर डोकं कसं झाकायचं, शेजारच्यावर मार पडत असेल तर मध्ये कसं जायचं, हे सगळं परत परत करून घ्यायचे, कारण राग यायचाच, पण तो पहिल्यांदा तळघरात आला तर बाहेर सांभाळता येतो. नोव्हेंबर-डिसेंबरात दोन मोठ्या दुकानांत जाऊन आधी नुसतं विचारून आले, जेवण देता का, नाही म्हणाले, मॅनेजरशी बोलले नि परतले. आपल्यापैकी कोणी एवढा गृहपाठ केला होता का सांग.

१३ फेब्रुवारी १९६० ला शंभराहून जास्त जण नीटनेटके कपडे घालून काउंटरवर जाऊन बसले. पोरांनी स्वतःसाठी नियमही लिहून काढले होते, उलट मारायचं नाही, शिवी द्यायची नाही, मोठ्यानं हसायचं नाही, ताठ बसायचं नि तोंड कायम काउंटरकडे. २७ तारखेला गुंडांनी मारलं आणि पोलिसांनी अटक केली ती मार खाणाऱ्यांना, पण एक तुकडी गाडीत चढली की दुसरी रिकाम्या खुर्च्यांवर येऊन बसायची, ऐंशीच्या आसपास पोरं आत गेली आणि पुढे बऱ्याच जणांनी दंड भरायला नकार दिला. त्या दिवसांतलीच गोष्ट, एक जण लॉसनच्या तोंडावर थुंकला. लॉसननी त्यालाच विचारलं, रुमाल आहे का तुमच्याकडे? तो इतका गोंधळला की त्यानं काढून दिला. यांनी तोंड पुसलं, रुमाल परत दिला नि विचारलं, मोटरसायकल चालवता का? आणि दोघं गाड्यांवर बोलत उभे राहिले.

मार्चमध्ये ते शिकत होते त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं यावरूनच लॉसनना काढून टाकलं, डिग्रीला काही महिने उरले होते. एप्रिलमध्ये या पोरांचे वकील लूबी यांच्या घरावर बॉम्ब पडला, त्याच दिवशी हजारो लोक एक शब्द न बोलता सिटी हॉलवर चालत गेले, आणि डायन नॅशनं मेयरला सगळ्यांसमोर विचारलं, रंगावरून माणसाला वेगळं वागवणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का. त्याला हो म्हणावं लागलं. १० मे ला काउंटर काळ्यांसाठी उघडले. प्रश्न आधीपासून एकच ठेवला होता म्हणून हे झालं, तुम्ही मात्र त्या दिवशी तीन मागण्या, दोन घोषणा नि एक जुनं भांडण घेऊन गेला होतात.

१९६८ ला मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या संपात किंगना बोलावणारेही लॉसनच, तिथेच ४ एप्रिलला किंगचा खून झाला. ते ओझं घेऊनही लॉसन थांबले नाहीत, पुढे लॉस एंजेलिसमध्ये हॉटेल कामगारांना हेच शिकवत राहिले, ज्या विद्यापीठानं काढलं त्यानंच २००६ मध्ये शिकवायला बोलावलं तर गेले. २०२४ च्या जूनमध्ये वारले, ९५ वर्षांचे होते.

तर शनिवारी चार वाजता माझ्याकडे ये, त्या दिवशी सोबत होते त्या सगळ्यांना घेऊन, टेबल उलटलं त्या पोराला तर नक्की, त्याला कोणी बोलणार नाही. अर्जांच्या झेरॉक्स आण, कोणाची रक्कम किती नि कधीपासून अडकलीय ते एका कागदावर लिहून आण. हॉलमधलं टेबल मी भिंतीला लावून ठेवतो. खिडकीतल्या माणसाचं सोंग मी घेतो, आणि त्यानं म्हटलं तेच म्हणणार आहे, अगदी शब्दाला शब्द. पहिली तू बस.

तुझा,
सर