कागदावरचा एकावन्न टक्के मालक

प्रश्न : ताई, माझा भाचा न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये असतो. ग्रीन कार्ड मिळालंय, नागरिकत्वाचा अर्ज पुढच्या वर्षी करणार. त्याचं वर्तमानपत्रं, सिगारेट, कॉफीचं छोटं दुकान आहे. ओळखीचे दोघे गृहस्थ त्याच्या मागे लागलेत, की गांजाच्या दुकानांचे परवाने 'सोशल इक्विटी'त अल्पसंख्याकांना आधी मिळतात, तू 51 टक्के मालक हो, पैसा आम्ही घालतो. कराराचा मसुदा सोबत जोडला आहे. बहिणीला अजून काही बोललेलो नाही. सही करू द्यावी का? — एक वाचक, कराड

उत्तर : नको. निदान नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत तरी नको, आणि हा मसुदा तर नंतरही नको.

भागीदारांचं म्हणणं खोटं नाही. न्यूयॉर्क राज्याने 31 मार्च 2021 ला गांजा कायदेशीर केला, तेव्हाच निम्मे परवाने 'इक्विटी'च्या अर्जदारांना द्यायचं उद्दिष्ट कायद्यात घातलं. बंदीच्या काळात जिथे सर्वाधिक धरपकड झाली त्या वस्त्यांतले लोक, स्त्रिया, अडचणीतले शेतकरी, सेवेत अपंगत्व आलेले माजी सैनिक आणि अल्पसंख्याक हे सगळे त्यात येतात. राज्याच्या व्याख्येत भारतीय उपखंडातून आलेले लोक अल्पसंख्याकच. तेव्हा भाचा पात्र ठरू शकतो.

पण ही मुभा राज्याची आहे. वॉशिंग्टनच्या केंद्रीय कायद्यात गांजाची विक्री गुन्हाच, आणि नागरिकत्व देणारं खातं केंद्राचं. त्या खात्याने एप्रिल 2019 मध्ये लेखीच काढलंय की राज्याने परवाना दिला असला तरी गांजाच्या धंद्यातल्या माणसाचं 'चारित्र्य चांगलं' धरलं जाईलच असं नाही. दुकानात नुसत्या नोकरीवरूनही अर्ज अडू शकतो, इथे तर भाचा मालक होणार! नागरिकत्वाचं राहू द्या, आईला भेटायला कराडला येऊन परत जाताना विमानतळावर ग्रीन कार्डवाल्याला अडवून चौकशी होऊ शकते. इमिग्रेशनच्या वकिलाची फी आधी भरा, बाकीचं मग.

आता मसुदा. क्वीन्समधल्या किरकोळ दुकानदारांचे हिशेब मी बरीच वर्षं बघते, त्यामुळे असे कागद नवे नाहीत. पहिल्या पानावर भाचा 51 टक्क्यांचा मालक आहे. कलम 7 सांगतं, बँकेचं खातं 'व्यवस्थापक कंपनी'च्या सहीने चालेल. ही कंपनी त्याच दोघांची. कलम 11 प्रमाणे माल कुठून घ्यायचा, माणसं कोणती ठेवायची, भाडं किती द्यायचं हे तीच ठरवणार, वर दरमहा विक्रीवर टक्केवारी घेणार. आणि कलम 14 तर बेरकीच आहे : ठरलेल्या मुदतीनंतर भाच्याचा हिस्सा एक डॉलरला विकत घेण्याचा हक्क त्यांचा. सरपंचबाईंच्या नावावर सरपंचपती ग्रामपंचायत चालवतो, त्याचीच ही न्यूयॉर्क आवृत्ती. परवाना देणारं कार्यालय खरा मालक कोण हे तपासतं, 51 टक्के हिस्सा आणि निर्णयही त्याचेच लागतात. उद्या पकडलं गेलं तर अर्जावर सही कोणाची? भाच्याची. आयत्या बिळावर नागोबा नामानिराळे.

पैशाचंही सांगते, कारण "नफाच नफा" असं त्याला सांगितलं असणार. केंद्राच्या प्राप्तिकर कायद्यात 280ई नावाचं कलम आहे. केंद्राने अमली पदार्थांच्या याद्या केल्यात; त्यातल्या पहिल्या वा दुसऱ्या यादीतला पदार्थ विकणाऱ्याला मालाची खरेदी सोडून कुठलाच खर्च वजा करता येत नाही. समजा, कंपनीने वर्षाला 10 लाख डॉलरची विक्री केली. माल 6 लाखांचा. भाडं, पगार, रखवालदार, विमा मिळून साडेतीन लाख. हातात उरले 50 हजार. साध्या दुकानाला 21 टक्क्यांनी साडेदहा हजार कर बसेल. गांजाच्या दुकानाला मात्र 4 लाखांवर, म्हणजे 84 हजार. कमावले 50, भरायचे 84. राज्याच्या करात हा खर्च वजा होतो, पण केंद्राचा कर मोठा. गांजा पहिल्या यादीतून तिसऱ्या यादीत न्यायचा प्रस्ताव मे 2024 मध्ये निघाला. तसं झालं की या कलमाचा काच सुटतो, म्हणून सगळा धंदा त्याच्याकडे डोळे लावून बसला. असल्या आशेवर हातातलं कॉफीचं दुकान गहाण टाकू नये.

बहिणीला सांगाच. अशा भागीदाऱ्या आईपासून लपवल्या की हमखास बिघडतात, हा माझा हिशेबाबाहेरचा अनुभव.

प्रश्न : न्यूयॉर्कने गांजाची शिक्षा झालेल्यांनाच दुकानाचे पहिले परवाने दिले असं वाचलं. हे गुन्ह्याला बक्षीस नव्हे का? — निवृत्त फौजदार, नाशिक

उत्तर : फौजदारसाहेब, तुम्ही खात्यातले, म्हणून आधी पंचनाम्याचंच बोलू. 1977 पासून न्यूयॉर्क राज्यात 25 ग्रॅमपर्यंत गांजा जवळ असला तर पहिल्यांदा नुसता दंड होता. तो 'लोकांना दिसेल असा' हातात असला तर मात्र अटक. मग शहरात काय चाले? पोलीस पोराला रस्त्यात थांबवून म्हणत, "खिशातलं बाहेर काढ." त्याने पुडी काढली की ती लोकांना दिसली! झाला गुन्हा. 2011 या एका वर्षात शहरात अशा 50 हजारांवर अटका झाल्या, आणि त्या वर्षी सप्टेंबरात खुद्द पोलीस आयुक्तांना हुकूम काढावा लागला की झडतीत बाहेर आलेल्या पुडीवर हे कलम लावू नका. पकडलेले बहुतेक काळे आणि लॅटिनो. गोरी पोरं ओढत नव्हती असं नाही, त्यांचे खिसे कोणी उलटे करत नव्हतं. कपाळावर शिक्का बसला की नोकरी, सरकारी घर, सगळीकडे तो आडवा येई.

आणि नुसती शिक्षा पुरत नव्हती. स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकाला शिक्षा झालेली हवी, शिवाय नफ्यातल्या धंद्यात किमान दोन वर्षं 10 टक्के मालकीही हवी. असे पहिले 36 परवाने नोव्हेंबर 2022 मध्ये मंजूर झाले, काही सेवाभावी संस्थांना धरून. 29 डिसेंबरला मॅनहॅटनमध्ये अशाच एका संस्थेच्या दुकानात पहिली विक्री झाली.

माझी तक्रार वेगळी आहे. परवाना हातात ठेवला, भांडवल नाही. बहुतेक बँका केंद्राच्या धाकाने दारात उभं करत नाहीत. राज्याने 20 कोटी डॉलरच्या निधीची घोषणा केली. ज्यांना त्यातून दुकान मिळालं त्यांच्यातले काही आता कर्जाच्या अटी बघून 'भीक नको पण कुत्रं आवर' म्हणतात. ऑगस्ट 2023 मध्ये माजी सैनिकांनी दावा लावला की कायद्यात आमचंही नाव असताना रांगेत आम्ही मागे का. त्यांचंही चूक नव्हतं, पण कोर्टाच्या मनाईने कित्येकांची दुकानं महिनोन्‌महिने बंद दाराआड भाडं भरत राहिली. शेजारी बिनपरवान्याची दुकानं राजरोस चालू; त्यांना कुलपं ठोकायची मोठी मोहीम निघाली मे 2024 मध्ये. एवढ्यावर भागलं नाही. दुकान शाळेपासून 500 फूट लांब हवं असा नियम आहे. जुलै 2025 मध्ये परवाना देणाऱ्या कार्यालयाला उमगलं की हे अंतर आपण शाळेच्या दारापासून मोजलं, कायद्याप्रमाणे ते शाळेच्या हद्दीपासून हवं होतं. दीडशेच्या आसपास दुकानदार आणि अर्जदार अडचणीत आले, आणि जागा त्या कार्यालयानेच मंजूर केलेल्या. अशा वेळी पैसेवाला भागीदार करार घेऊन येतो, आणि वरच्या पत्रातला मसुदा तयार होतो.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीहून झोपेसाठी गांजाच्या गमीज (चघळायच्या गोड गोळ्या) आणतो म्हणतो. तिथे दुकानात बिलावर मिळतात. चालेल का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : अजिबात नाही. बिल तिथल्या राज्यापुरतं. विमानात बसला की अमेरिकेच्या केंद्राचा कायदा, मुंबईत उतरला की आपला 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायदा. भांगेची नुसती पानं त्या कायद्याच्या व्याख्येबाहेर आहेत, पण अर्क घातलेल्या गोळ्यांना ती पळवाट नाही. झोपेचं डोंबिवलीतल्याच डॉक्टरांना विचारा, आणि मुलाला सांगा, बॅग भरताना औषधाच्या पाऊचमध्ये चुकून राहिलेली एखादी गोळीही काढून टाक.