पीटी स्लॅबवर ६ टनांची बॅटरी बँक ठेवता येईल का?

आपण दिलेल्या माहितीनुसार पुण्यातील कार्यालयाच्या चौथ्या मजल्यावर ३ मीटर × २ मीटर जागेत सुमारे ६ टनांची यूपीएस आणि बॅटरी बँक बसवायची आहे, स्लॅब २०० मिमी जाडीचा पोस्ट-टेन्शन्ड (पीटी, म्हणजे काँक्रीट घट्ट झाल्यावर आतील पोलादी तारांना ताण दिलेला) आहे, कॉलम ८.४ मीटर अंतरावर आहेत, आणि "खाली लोखंडी प्लेट टाकली की भार पसरतो" असे पुरवठादाराचे म्हणणे आहे. मी इमारतींच्या संरचना तपासण्याचे काम करतो. माझ्या मते पुरवठादाराचे म्हणणे अर्धेच खरे आहे. प्लेटमुळे रॅकच्या पायाखालचा स्थानिक दाब कमी होतो, पण त्या गाळ्यातील (चार कॉलममधल्या स्लॅबच्या भागातील) वाकण आघूर्ण, म्हणजे स्लॅबला वाकवणारा परिणाम, त्यामुळे फारसे घटत नाही.

ढोबळ हिशेब करून पाहू. मूळ डिझाइन ४ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर चल भारासाठी (माणसे, सामान यांच्या बदलत्या वजनासाठी) झाले असेल, तर संपूर्ण गाळ्याचा चल भार सुमारे २८ टन होतो आणि त्यापुढे ६ टन किरकोळ वाटतात. मात्र ४.२ मीटर रुंदीचा एक पट्टा साध्या आधारांवर धरला, तर त्या चल भाराने मध्यभागी सुमारे १४८ किलोन्यूटन-मीटर आघूर्ण येते, आणि पट्ट्याच्या मध्यावर, लांबीच्या दिशेने ३ मीटर पसरलेली ही बँक एकटीच सुमारे १०४ घेते. म्हणजे त्या पट्ट्यावर माणसे, फर्निचर, पार्टिशन या सर्वांसाठी जेमतेम १.२ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर उरतात. प्रत्यक्ष स्लॅब सलग असल्याने आकडे बदलतील, पण नुसते एकूण वजन पाहून निर्णय का घेता येत नाही, हे यावरून कळते.

बँक कॉलमजवळ सरकवली तर आघूर्ण कमी होते, पण तिथे पंचिंग शिअर, म्हणजे कॉलमने स्लॅबला भोसकून वर येण्याचा धोका, तपासावा लागतो. कॉलमभोवतीचे हे फाटणे आधी फारशी सूचना न देता होते, म्हणून मी या तपासणीला सर्वाधिक महत्त्व देतो. ड्रॉप पॅनल (कॉलमभोवती जाड केलेला स्लॅब) आहे का, आणि प्लंबिंगसाठी कॉलमलगत नंतर भोके पाडली आहेत का, हे खालच्या मजल्याचे फॉल्स सीलिंग उघडून स्वतः पाहावे.

कागदपत्रांत महापालिकेच्या मंजूर नकाशांचा उपयोग थोडा, कारण त्यांत टेंडनची (ताण दिलेल्या पोलादी तारांच्या जुड्यांची) मांडणी नसते. पीटीचे काम केलेल्या एजन्सीचे शॉप ड्रॉइंग, ताण देतानाच्या लांबीवाढीच्या नोंदी आणि ग्राउटिंगच्या (टेंडनच्या नळीत, म्हणजे डक्टमध्ये, सिमेंटचा घोळ भरण्याच्या) नोंदी मिळवाव्यात. त्या मिळाल्या नाहीत, तर जमिनीखालच्या वस्तू शोधणाऱ्या रडारने स्लॅब स्कॅन करून घ्यावा. त्यातून टेंडनची जागा आणि खोली कळते, पण त्यातील ताण कळत नाही. तो ताण मूळ डिझाइन, मोजलेला झोक, काँक्रीटची ताकद आणि क्रीप (सततच्या भाराखाली काँक्रीटचे हळूहळू दबणे), आकुंचन व रिलॅक्सेशनने (ताणलेल्या पोलादाचा ताण काळानुसार सैलावण्याने) होणारी घट यांवरून उलट हिशेबाने काढावा लागतो.

तोपर्यंत रॅकचा एकही अँकर बोल्ट मारू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. १२.७ मिमीच्या एका स्ट्रँडला (टेंडनमधील पिळलेल्या तारेला) ताण देताना सुमारे १४ टन बल लावलेले असते. कॉलमवर टेंडन स्लॅबच्या वरच्या पृष्ठाजवळ असतात, आणि अँकर तर वरूनच मारले जातात. डक्ट ग्राउट केलेले असेल तर तुटलेल्या स्ट्रँडचे नुकसान त्या परिसरापुरते राहते. ग्राउट नसलेल्या टेंडनमध्ये मात्र तो स्ट्रँड संपूर्ण लांबीवर निकामी होतो.

लोड टेस्टवरही पूर्ण भिस्त ठेवू नये. स्लॅब किती वाकतो आणि भार काढल्यावर किती सावरतो हे तीत दिसते. पंचिंगला किती राखीव ताकद उरली आहे, ते दिसत नाही.

बँक लिफ्टपासून खोलीपर्यंत कशी न्यायची, तेही आत्ताच ठरवा. ट्रॉलीच्या चार लहान चाकांवर येणारा भार अंतिम जागेवरील भारापेक्षा स्थानिक दृष्टीने अधिक त्रासदायक ठरतो. त्या वाटेवर जाड प्लेटा टाकाव्यात आणि एका वेळी एकच रॅक न्यावा. प्लेटांचा खरा उपयोग इथे आहे.

हिशेब थोडक्यात हुकत असेल, तर खोलीतील ७५ मिमी स्क्रीड (स्लॅबवरचा सिमेंटचा समतल थर) काढल्याने सुमारे १.५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर मोकळे होतात. तेही पुरले नाही, तर स्लॅबला न टेकता कॉलमपासून कॉलमपर्यंत जाणारी लोखंडी तुळयांची चौकट उभारून बँक तिच्यावर ठेवावी. अर्थात तेव्हा कॉलम आणि पाया यांची तपासणी करणे आलेच. कार्बन फायबरचे पट्टे वाकणासाठी उपयोगी पडतात, पंचिंगवर त्यांची मदत अगदी मर्यादित असते. हे काम पीटी डिझाइनचा अनुभव असलेल्या इंजिनिअरकडेच द्यावे आणि त्याच्या सहीचा लेखी हिशेब हाती आल्यावरच पुरवठादाराला माल पाठवायला सांगावे.