स्नायू, पेशी आणि ती आखडलेली नस

प्रश्न असा आलाय: शरीरशास्त्रावरचा हिंदी मजकूर मराठीत करताना 'स्नायु तंत्र'चं 'स्नायुसंस्था' केलं, 'मांसपेशी' तशीच ठेवली, आणि तपासणाऱ्याने दोन्हीवर लाल रेघ मारली. मग बरोबर काय? आणि आपण उठता बसता 'नस आखडली' म्हणतो ती नस यातली नक्की कुठली?

तपासणाऱ्याचं बरोबर आहे. पण तुमचीही चूक म्हणवत नाही, कारण हे दोन शब्द भल्याभल्यांना फसवतात. मराठीत स्नायू म्हणजे मसल, गुजरातीतही तसंच. बंगालीत मात्र स्नायु म्हणजे नर्व्ह, आणि हिंदीतही 'स्नायु तंत्र' म्हटलं की नर्व्हस सिस्टिमच समजायची (शास्त्रीय हिंदीत तिला तंत्रिका तंत्र म्हणतात आणि तिथे स्नायु हा शब्द लिगामेंटला, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्याला दिलाय, म्हणजे अजून एक तिसरा अर्थ, घ्या). पेशीचंही तेच, मराठीत पेशी म्हणजे सेल, हिंदी-बंगालीत पेशी म्हणजे मसल. त्यामुळे मराठीतला साधासरळ 'स्नायुपेशी' शब्द एखाद्या बंगाली माणसाने ऐकला तर तो बिचारा नर्व्ह आणि मसल एकत्र का आणलेत म्हणून विचारात पडेल.

मूळ संस्कृतात पाहिलं तर दोघंही सरकलेत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातल्या गोष्टींची मोजदाद आहे, त्यात 900 स्नायू, 500 पेशी, 700 सिरा आणि 24 धमन्या सांगितल्यात. तिथे पेशी म्हणजे मांसाचा गोळा, मसलच, आणि स्नायू म्हणजे बांधणारी दोरी. उपमा पण मस्त दिलीय, फळ्या पक्क्या बांधून केलेली नाव जशी पाण्यात माणसांचं ओझं पेलते तसे सांधे स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे माणूस भार पेलतो. म्हणजे आजच्या भाषेत लिगामेंट किंवा टेंडन (मसलला हाडाशी जोडणारी दोरी). त्या 500 पेशी आणि आजच्या मराठी पुस्तकातल्या अंदाजे 30 लाख कोटी पेशी, शब्द तोच पण वस्तू कुठल्या कुठे गेली!

आता दोरीवरून नर्व्हवर उडी कशी काय गेली? मला आधी वाटायचं की बंगालीने काहीतरी घोळ घातलाय. पण ग्रीकमध्येही अगदी हेच झालेलं आहे. न्यूरॉन हा ग्रीक शब्द, मूळ अर्थ स्नायूची दोरी, धनुष्याची दोरीसुद्धा. लॅटिन नर्व्हस तसाच, आणि भाषाशास्त्रवाले हे दोन्ही शब्द आपल्या स्नायूच्याच कुळातले मानतात. कारण सोपं आहे, शरीर उघडून बघितलं की टेंडनही पांढरट दोरी आणि जाड नर्व्हही पांढरट दोरीच दिसते, नुसत्या डोळ्यांना फरक काय कळणार. ख्रिस्तपूर्व 300 च्या आसपास अलेक्झांड्रियात हेरोफिलस या ग्रीक वैद्याने शवविच्छेदन करून दाखवलं की यातल्या काही दोऱ्या मेंदू आणि मज्जारज्जूपासून निघतात आणि संवेदना, हालचाल त्यांच्यावर चालते. वस्तू वेगळी आहे हे कळलं पण नाव जुनंच राहिलं. पुढे 1891 मध्ये वाल्डेयर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने तोच न्यूरॉन शब्द चेतापेशीला, म्हणजे नर्व्हच्या पेशीला दिला. म्हणजे बंगालीतला स्नायु ज्या वाटेने गेला त्याच वाटेने ग्रीकवाले आधीच जाऊन आलेले. मराठी-गुजराती दुसऱ्या वाटेने गेल्या, मला वाटतं ओढणारी दोरी आणि दोरीला जोडलेलं मांस बोलताना कोण वेगळं काढत बसतो, दोघांना मिळून स्नायू म्हटलं गेलं असणार.

(मसलवरून आठवलं, लॅटिन मुस्कुलस म्हणजे छोटा उंदीर, दंड वाकवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो म्हणून. आपल्याकडे दंडाची बेडकुळी! त्यांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक. स्नायू या गंभीर शब्दापेक्षा मला बेडकुळी जास्त आवडतो, पण तो फक्त दंडापुरताच चालतो.)

आता तुमची नस. स्वतःचा एक हात समोर धरा. मनगटाच्या आतल्या बाजूला निळसर रेघा दिसतात त्या शिरा, रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या. अंगठ्याच्या बाजूला बोट दाबून ठेवलं की टकटक लागते ती धमनी, तिथेच नाडी बघतात. मूठ आवळून मनगट जरा आत वाकवलं की मधोमध एक ताठ दोरी वर येते ती टेंडन, म्हणजे कंडरा (काही जणांना ती अगदी वर येणारी दोरी जन्मतः नसतेच, घाबरू नका, काही बिघडत नाही). आणि कोपराची आतली बाजू कुठे आपटली की करंगळीपर्यंत जी झणझण जाते ती नर्व्ह. एकाच हातात चार वेगळ्या गोष्टी आणि बोलताना चारही नसच! सलाईन लावताना नस सापडत नाही ती शीर असते, कमरेत नस दबली ती खरोखर नर्व्ह असते, आणि नस आखडली, नस चढली म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ना शीर ना नर्व्ह, तो आखडलेला स्नायूच असतो. पोटरीत गोळा किंवा वांब येतो तोही स्नायूच. गोळा हा शब्द खरं तर नसेपेक्षा अचूक आहे, हाताला लागतोच की तो गोळा.

रगही त्याच गोतावळ्यातली. फारसीत रग म्हणजे रक्तवाहिनी, आपण नसानसात भिनलं तसंच रगारगात भिनलं म्हणतो, पण 'हाताला रग लागली' म्हटलं की पुन्हा स्नायूच दुखत असतो.

शास्त्रीय लिखाणात धमनी आणि शीर चालतात, मराठी विश्वकोशात त्यांना रोहिणी आणि नीला म्हटलंय. शब्द देखणे आहेत, रोहिणी तांबडी, नीला निळी, आकृत्यांतले रंगही तसेच. पण गंमत अशी की सुश्रुताकडे या दोन्ही सिराच आहेत, रक्त वाहणारी ती रोहिणी, पित्त वाहणारी ती नीला, शिवाय अरुणा आणि गौरी वेगळ्या. आणि आजच्या अर्थाने घ्यायचं तर हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणारी रोहिणी काळपट, ऑक्सिजन कमी असलेलं रक्त नेते, तेव्हा नावातल्या रंगावर फार विसंबू नका. नीलेतलंही रक्त निळं नसतं, गडद लाल असतं. धमनीचं नाव तर वाऱ्यावरून आलंय, धम् म्हणजे फुंकणे. ग्रीक आर्टेरियाही आधी श्वासनलिकेला म्हणायचे, तेच नाव धमन्यांना मिळालं, कारण मेल्यावर धमन्या बऱ्याचशा रिकाम्या सापडतात, मग त्यातून हवा खेळते असं त्यांना वाटलं. दोन्हीकडे वाराच!

राहिला नर्व्हला मराठी शब्द. ज्ञानतंतू, मज्जातंतू, चेता, तंत्रिका असे चार तरी फिरत असतात. ज्ञानतंतू मला लंगडा वाटतो, कारण नर्व्ह नुसतं ज्ञान आणत नाही, हात उचल हा हुकूमही नेते. मज्जातंतू सगळ्यांना समजतो पण मज्जा म्हणजे हाडातला मगज, रस-रक्त-मांस-मेद-अस्थि-मज्जा-शुक्र या सात धातूंतला, आणि अस्थिमज्जा म्हणताना आपण तोच अर्थ घेतो. मग मज्जारज्जूत रक्त तयार होतं का असं पोरं विचारतात, त्यांचं काय चुकलं. (इंग्रजीतही पूर्वी स्पायनल मॅरो म्हणायचे, मणक्यांच्या पोकळीत मऊ काहीतरी दिसलं की मगज वाटणारच.) तंत्रिका ठीक आहे, हिंदीशी जुळतो. मी चेता वापरतो, छोटा आहे, चेतापेशी, चेतासंस्था असे जोड सहज होतात आणि शाळेच्या पुस्तकांमुळे मुलांच्या ओळखीचा आहे. मज्जारज्जू मात्र बदलायच्या भानगडीत पडू नका, तो इतका रुळलाय की मेरुरज्जू लिहिलंत तर वाचणारा अडखळेल.

तेव्हा तुमच्या मजकुरात 'स्नायु मांसपेशियों तक संदेश पहुँचाते हैं' असं वाक्य आलं तर 'स्नायू मांसपेशींपर्यंत संदेश पोहोचवतात' नको, 'चेता स्नायूंपर्यंत संदेश पोहोचवतात' लिहा. 'स्नायु तंत्र'चं चेतासंस्था, 'कोशिका'चं पेशी. आणि फाइंड-रिप्लेस मारणार असाल तर क्रम सांभाळा, आधी सगळ्या 'स्नायु'चं चेता करून घ्या, मग 'मांसपेशी'चं स्नायू, आणि 'कोशिका'चं पेशी अगदी शेवटी. उलटं केलंत तर नवीन लिहिलेले स्नायूही चेता होऊन बसतील, आणि हो, लिगामेंटच्या अर्थाने आलेला 'स्नायु' कुठे लपलाय का ते रिप्लेस मारायच्या आधी डोळ्यांनीच बघावं लागेल, तिथे अस्थिबंध.