फाळके पुरस्काराच्या सुलोचना कोण?

प्रश्न : चवथीनिमित्त आमच्या वाड्यावर झालेल्या प्रश्नमंजूषेत १९७३ सालच्या दादासाहेब फाळके पुरस्काराच्या मानकरी सुलोचना म्हणजे मराठी चित्रपटांतील सुलोचनादीदी, असे परीक्षकांनी सांगितले. हे बरोबर आहे काय? – एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. दीदींचा अधिकार मोठा असला, तरी तो पुरस्कार मूकपटांच्या काळातील सुलोचना यांचा आहे. (लावणीगायिका सुलोचना चव्हाण या तिसऱ्या, म्हणजे गोंधळाला जागा आहेच.)

या सुलोचनांचे मूळ नाव रुबी मायर्स. १९०७ मध्ये पुण्यात बगदादी ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुंबईत टेलिफोन ऑपरेटर असताना कोहिनूर कंपनीच्या मोहन भवनानी यांनी त्यांना चित्रपटात आणले. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’ (१९२७) मध्ये त्यांनी माळी आणि पोलिसासह आठ भूमिका केल्या आणि पुढच्याच वर्षी इम्पीरियल कंपनीच्या ‘अनारकली’ने त्यांची कीर्ती शिगेला पोहोचली. पडद्यावर शब्द नव्हते, तरी चित्रपटगृह मुके नसे. मुंबईत पडद्यापुढे बसून वाजवणाऱ्या वादकांत आपल्या गोव्याहून गेलेले अनेक जण होते.

१९३१ मध्ये इम्पीरियलनेच ‘आलम आरा’ हा पहिला बोलपट काढला, तेव्हा त्याची नायिका मात्र जुबेदा होती. जिची नोकरीच आवाजावर चालत होती, तिला बोलपटाने अडवावे, हे मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत विलक्षण वळण वाटते. अडचण आवाजाची नव्हती, हिंदुस्थानीची होती. त्यांनी काम थांबवून ती भाषा शिकून घेतली आणि १९२९ च्या ‘इंदिरा बी. ए.’ या मूकपटाचा बोलका अवतार ‘इंदिरा एम. ए.’ या नावाने १९३४ मध्ये आला. मधल्या पाच वर्षांत नायिकेची पदवीही वाढली! डी. बिलिमोरिया यांच्याबरोबरची त्यांची जोडी गाजली आणि इम्पीरियलमध्ये त्यांना महिना ५,००० रुपये पगार मिळत असे.

पुढे नायिकेच्या भूमिका मिळेनाशा झाल्या आणि त्या चरित्रभूमिकांकडे वळल्या. १९२८ च्या मूक आणि १९३५ च्या बोलक्या अशा दोन्ही ‘अनारकली’ची नायिका असलेल्या सुलोचना १९५३ च्या ‘अनारकली’त सलीमची आई जोधाबाई झाल्या. १९८३ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

प्रश्नमंजूषा पुन्हा घेताना प्रश्नातच ‘रुबी मायर्स’ हे नाव घालावे, म्हणजे परीक्षकांचीही पंचाईत होणार नाही.