एकाची चूक, साऱ्या कार्यालयाला कुलूप

प्रश्न : सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. सर्व्हरवर ‘फेल-टू-बॅन’ हा सुरक्षा-प्रोग्राम बसविल्यापासून अधूनमधून सगळ्या कार्यालयाचाच प्रवेश बंद होतो. ते काढून टाकावे काय?

उत्तर : काढू नये. हा प्रोग्राम लॉगमधील, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींमधील, फसलेले लॉगिन मोजतो आणि मूळ मांडणीनुसार 10 मिनिटांत 5 चुका झाल्या, की त्या ज्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरील क्रमांकरूपी पत्त्यावरून) आल्या तो 10 मिनिटे अडवितो. आपले सर्व संगणक मात्र राउटरमागून एकाच पत्त्याने बाहेर पडत असल्यामुळे एकाची चूक सर्वांना भोवते. बहुधा पासवर्ड बदलल्यानंतर कुणाच्या तरी मोबाइलमधील ई-मेल ॲप जुनाच पासवर्ड सतत पाठवीत असावे. माणूस इतक्या चिकाटीने चुकत नाही. लॉगमध्ये कोणते नाव वारंवार येते ते पाहून आधी त्या व्यक्तीच्या ॲपमधील जुना पासवर्ड बदलावा. कार्यालयाचा पत्ता स्थिर असल्यास तो ‘इग्नोर-आयपी’ या न अडवायच्या पत्त्यांच्या यादीत घालता येतो, पण मग कार्यालयातल्याच एखाद्या बाधित संगणकाने चालविलेले प्रयत्नही अडणार नाहीत, हे मालकांच्या कानावर घालावे. तूर्त अडकलेला पत्ता ‘अनबॅन’ आज्ञेने लगेच सुटतो. त्यासाठी मोबाइलच्या इंटरनेटवरून, म्हणजे वेगळ्या पत्त्याने, सर्व्हरवर जावे.