चावी चौघींकडे हवी

अनेक आशीर्वाद.

सिंहगड रोडवरच्या फ्लॅटमध्ये तू पुढच्या महिन्यापासून रुजू होते आहेस हे कळलं आणि मनापासून आनंद झाला. मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या चौघीजणी, दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि आधाराला तू. स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांबद्दल तू भरपूर वाचलं आहेस, म्हणून आजारावर मी फार बोलत नाही. घरावर बोलते.

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक क्रम पक्का बसलेला असतो. आधी बरं व्हा, गोळ्या नीट घ्या, चार महिने शहाण्यासारखं वागून दाखवा, मग राहायचं बघू. तू हा क्रम उलटा धर. रात्री दार लावून झोपता येत नाही, उद्या कुठं असू ते माहीत नाही, अशा माणसानं बरं व्हायचं तरी कसं? न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस यांनी रस्त्यावर राहणाऱ्या मनोरुग्णांना उपचारांची किंवा व्यसन सोडण्याची अट न घालता थेट घरं द्यायला सुरुवात केली. पुढं कॅनडानं २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत, दोन हजारांहून जास्त बेघर लोकांबरोबर ही पद्धत तपासून पाहिली. दोन वर्षांत, ज्यांना आधी घर आणि सोबत आधार मिळाला त्यांचा सरासरी ७३ टक्के काळ स्थिर घरात गेला. नेहमीच्या सेवांवर सोडलेल्यांचा ३२ टक्के.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्टही लक्षात ठेव. आजाराची लक्षणं दोन्ही गटांत जवळपास सारखीच कमी झाली. घर मिळालं म्हणून कानात येणारे आवाज थांबत नाहीत. तुझ्या चौघींपैकी एखादी संध्याकाळी गॅलरीत उभी राहून कोणाशी तरी बोलेल. तीच सकाळी मेथी निवडेल, शेजारच्या काकूंना वाटीभर भाजी नेऊन देईल. ‘अजून बोलतेच आहे, मग घराचा उपयोग काय’ असं कोणी म्हणालं, तर त्या वाटीबद्दल सांग.

वर्षानुवर्षं वॉर्डात राहिलेली बाई घरात आल्यावर काय करते ते तुला आधीच माहीत असलेलं बरं. ती प्रत्येक गोष्टीला परवानगी मागते. आंघोळीला जाऊ? पंखा लावू? ताट डाव्या हातानं कवेत धरून भराभर जेवते. एक बाई मला आठवतात. दिव्याचं बटण आपल्या हाताशी आहे यावर त्यांचा विश्वासच बसेना. लावायच्या, बंद करायच्या, पुन्हा लावायच्या. मी कॉटवर बसून नुसती बघत होते. त्याच बाई संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीच्या भाजीत तीळ कमी घातले म्हणून दुसरीशी कडाकडा भांडल्या. त्या दिवशी मी ऑफिसात जाऊन सगळ्यांना पेढे दिले.

म्हणून आपला हात आवरायला शीक. तू दहा मिनिटांत पोळ्या लाटून टाकशील, तिला पाऊण तास लागेल. लागू दे. भाजीवाल्याकडे सुट्ट्या पैशांचा घोळ होईल, होऊ दे. आणि दाराची चावी चौघींकडे हवी. ‘हरवतील’ म्हणून चावी तुझ्याच पर्समध्ये ठेवायला कोणी सांगितलं, तर तिथं वाद घाल. हरवली तर दुसरी करून घेता येते.

आपल्या येरवड्याचं मनोरुग्णालय २,५४० खाटांचं. अशा रुग्णालयांमध्ये आजार आटोक्यात आल्यावरही कितीतरी जण केवळ न्यायला कोणी येत नाही म्हणून राहून जातात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १९ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्या कारणावरून कोणालाही तिथं ठेवता येणार नाही, आणि सामूहिक घरांसारख्या सोयी सरकारनं करायच्या आहेत. कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. घरं मात्र अजून बोटांवर मोजण्याइतकी आहेत, याचा मला राग येतो. चेन्नईच्या ‘द बॅनियन’ या संस्थेनं २०१५ पासून ‘होम अगेन’ नावानं हेच काम केलं आहे: साध्या वस्तीत भाड्याचं घर, चार-पाच जणी, गरजेपुरता आधार. जमतं, हे त्यांनी दाखवून दिलं.

औषधांचं थोडक्यात. सकाळी उठायला उशीर झाला तर आळशी म्हणू नकोस, ती रात्रीच्या गोळीची गुंगी असते. बायपोलरसाठी लिथियमची गोळी घेणारी कोणी असेल तर निर्जळी उपास नको, आणि एप्रिल-मेच्या उन्हात पाणी व जेवणातलं मीठ एकदम कमी होऊ देऊ नकोस. अंगातलं पाणी घटलं की रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. हात जास्त थरथरू लागले, जुलाब लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आजार पुन्हा उसळणार असेल, तर झोप उडणं ही बहुतेक वेळा पहिली खूण असते. कोणाला पुन्हा भरती करावं लागलंच, तर तिची कॉट, तिचं कपाट जसंच्या तसं राहिलं पाहिजे. भेटायला जाशील तेव्हा ‘तुझी जागा आहे’ हे तिला तोंडानं सांग.

आता सोसायटी. करार अकरा महिन्यांचा असतो, आणि शेजारी बिथरले तर तो पुन्हा होत नाही. आपण कोण, घर कसलं, हे खरं सांग. कोणाला कोणता आजार आहे ते मात्र सांगायचं नाही. गोपनीयता हा त्यांचा कायदेशीर हक्क आहे. सेक्रेटरींना भेटायला जाताना चौघींपैकी जिला यायचं असेल तिला बरोबर घे. कराराची प्रत, पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद आणि रात्री कधीही उचलला जाईल असा संस्थेचा फोन नंबर दे. मेंटेनन्स भरायला त्यांच्यातल्याच एकीनं जावं.

आणि राहायला जाण्याआधी सुताराला बोलावून बाथरूमची कडी बदलून घे. आतून लागली पाहिजे, आणि वेळ आली तर बाहेरूनही उघडता आली पाहिजे.

तुझी,
मावशी